ताळा

पुंता अरेनासला जूनमध्ये रात्र सोळा-सतरा तासांची.
वर रस्त्यावर वारा,
खाली तळघरात पंखे, त्यांना ऋतू नाही.
चोवीस खणांचं कपाट, चोवीस डिस्क,
आणि हॉस्पिटलभरची हाडं, फुफ्फुसं, पोटातली बाळं
बारीक चिरून त्यांच्यात वाटून ठेवलेली.
कुठल्याच एका डिस्कवर कुणीच अख्खं नाही.

स्क्रीनवर आलं: सात नंबर गेली.
खणाखाली बेलार्मिनोच्या तिरक्या अक्षरातली पट्टी: ७.
मी खटका दाबला, ओढली.
तळहातावर कोमट,
नुकत्याच झोपलेल्या मांजरासारखी.
तेवढ्यात यंत्र किंचाळलं:
सहा नंबरही गेली.

मग कळलं.
यंत्र शून्यापासून मोजतं.
बेलार्मिनोने एकापासून मोजलं होतं.
आठव्या पट्टीवरचा दिवा दोन वर्षांपूर्वीच विझलेला,
नाहीतर पिवळा होऊन त्याने तरी सांगितलं असतं.
अकरा वर्षं पट्ट्या खोटं बोलत होत्या
आणि कुणी त्यांना काही विचारलं नव्हतं.

परत सरकवली. आठ सेकंद, फार तर नऊ.
यंत्र ओळख दाखवेना:
परकी डिस्क. पुसून घेऊ का?
नऊ सेकंद उंबऱ्याबाहेर,
तेवढ्यात घरच्यांनी पान उचललं.

दोन ताळे ठेवले होते म्हणून वाचलो.
बेरजेतला एक आकडा पुसला गेला
तर ताळ्यावरून तो मागे काढता येतो;
दोन पुसले तरी, दोन ताळे असतील तर.
तिसऱ्यासाठी आपल्याकडे हातचा काही नसतो.
आणि तेरा नंबर वाचताना अडखळत होती,
दमेकऱ्यासारखी, एका वाक्यात तीनदा थांबून.

मदतीच्या नंबरावर कोस्टारिकाचा एक तरुण, अर्धा झोपेत:
"बॅकअप आहे ना?"
आहे, म्हटलं. टेपवर.
"शेवटचा कधी परत वाचून पाहिलात?"
मी खिडकीकडे पाहिलं.
तळघराला खिडकी नाही.

तो म्हणाला, बाकी सगळं थांबवा, सगळा जोर भरणीवर लावा.
तेवढ्यात वरून डॉक्टर ओयार्सुन:
खेकड्यांच्या बोटीवरचा पोरगा,
मांडी दोन जागी मोडलेली, आत जुनी सळई,
आणि मागचा फोटो उघडत नाहीये.
जोर लावला तर पोरगा ताटकळतो.
जोर काढला तर तेरा नंबरला थकायला वेळ मिळतो.
नव्वदवरून तीसवर आणला.
हा तीस कुठल्या पुस्तकातला, ते विचारू नका.
"हळू येईल," डॉक्टरांना म्हटलं, "पण येईल."

आला. बावन्न सेकंदांनी.
मी मोजले. एकापासून.

आठ वाजले, उजेडाला अजून दोन तास.
सामुद्रधुनीपलीकडे पोर्वेनीरला बेलार्मिनोला फोन लावला.
निवृत्त माणूस, येर्बाचा घोट ओढत ऐकत राहिला,
नळीचा शेवटचा सुर्र आवाज आला, मग म्हणाला,
"अगं, शून्यावर कोण बसतं?
पहिली खुर्ची ती पहिली."
रागवायला जागा भरपूर होती.
मला हसू आलं, आणि थांबेना.

एक्केचाळीस टक्के.
त्याच्या पट्ट्या नखाने खरवडते आहे,
मागे चिकट काळे चौकोन राहताहेत.
नोंदवहीत "कारण" या रकान्यात आधी लिहिलं: पट्टी.
खोडलं. लिहिलं: मी.
तेही खोडलं, मोजणी असं लिहिलं,
आणि मग तिन्ही खोडाखोडींखाली सही केली,
एदेल्मिरा मान्सिया, रात्रपाळी.

तेरा नंबर पुन्हा थांबली.
मी पेन हवेत धरून बसले.
पंखे, पंखे, पंखे.

पुढे वाचू लागली.